बी घाबरली पाहिजे

साखळीच्या बाजारात सोमटी गावडे
शिकेकाईच्या वाट्यामागून म्हणाली,
‘पाणी उकळायचं, खाली उतरवायचं,
शंभर आकडे मोजायचे, मग बी सोडायची.
बी घाबरली पाहिजे. शिजायला नको.’

मी मोजलेच नाहीत.
बारा वर्षं टिपर चालवला,
खेपा सोडून काही मोजायची सवय नव्हती.
पहिल्या साठ बिया
चण्यांसारख्या फुगल्या आणि कुजल्या.

दुसऱ्यांदा नेलकटर घेतलं.
परसात फतरावर बसून
एकेकीच्या काळ्या पाठीला एक टवका,
डोळ्याची बाजू सोडून.
मुलांची नखं मी कधी कापली नव्हती.
तेव्हा मी पाळीला असायचो,
गावाचंही नाव तेच, कामाचंही.

रात्रभर पाण्यात.
सकाळी बुडलेल्या घेतल्या, तरंगत्या टाकल्या.
दुधाच्या पिशव्या, तळाला भोक,
तांबडी माती, शेणखत, मूठभर वाळू.
बोटाच्या एका पेराइतकं खोल, बस्स.

नवव्या दिवशी एक.
पंधराव्यापर्यंत चौदा.
एक मुंग्यांनी नेलं, एक गोगलगायीनं,
एक मीच उपटलं, तण समजून.

समोर खाणीचा ढीग.
त्यावर कंपनीनं लावलेली ऑस्ट्रेलियाची अकेशिया,
दाट, खाली गवताची काडी नाही.
वन खात्यातला मिंगेल म्हणतो,
‘ती पानं नव्हेतच, चपटे झालेले देठ.
रोप असताना हिलाही पिसासारखी पानं असतात,
तुझ्या शिकेकाईला आहेत तशी. मग टाकून देते.’
‘म्हणजे नात्यातली?’
‘चुलत.’

तेव्हापासून संध्याकाळी बघत बसतो.
साडेसहाला अकरा रोपं
पान पान मिटत जातात,
दुकानदारानं फळ्या लावाव्यात तशी.
ढिगावर कोणी मिटत नाही.
वारा आला की खरखर होते,
हौद्यात खडी ओतल्यासारखी.
तो आवाज मला पाठ आहे.

काल थोरल्या रोपानं
देठावर बारीक आकडा काढला.
पाणी घालताना बाहीत अडकला.
मी लगेच सोडवला नाही.

मुळं पिशवीत वळायच्या आत
त्यांना जमीन हवी.
आमची जमीन ढिगाखाली आहे.

आज पहाटे पायथ्याशी खड्डा खणला,
एका अकेशियाच्या बुंध्यापासून दोन हातांवर.
शिकेकाईला चढायला
कुणीतरी लागतंच.
तिथं तीच आहे.