तहकूब अर्धा तास

पंचायतीत मी कारकून. हजेरीची वही माझ्याकडे.
रविवार, साडेदहा. मिस्सा सुटली, देवळातली आरतीही आटोपली.
साठ खुर्च्या मांडल्या, भरल्या एकोणीस,
आणखी दोनांवर पावाच्या पिशव्या.

सरपंचांनी घड्याळ पाहिलं, नियम वाचला:
गणपूर्ती नाही, सभा अर्धा तास तहकूब.
मी लिहिलं, रेघ मारली, पेनाला टोपण लावलं.

इतिवृत्तातली पुढची ओळ अकरा वाजताची आहे.

मधल्या वेळात
कायतान फुर्तादो पायरीवर टेकला
आणि कुणालाच उद्देशून नाही असा म्हणाला,
मानशीचं दार कुजलंय.
परवा खारं पाणी दुसऱ्या मेरेपर्यंत आलं.
दुसऱ्या नाही, तिसऱ्या, रुक्मा गावकर म्हणाली,
माझे पाय भिजलेत त्यात.
मग धुळीत बोटानं नकाशा:
हा बांध, ही खाडी, हा तो डोंगर
ज्याचा सर्व्हे नंबर आता पोरासोरांनाही पाठ.

प्रेमानंदच्या मुलानं शर्टातून कागद काढला,
माहिती अधिकारात मागवलेला, घामानं शिक्का पुसटलेला.
'बागायत' खोडून 'वसाहत'.
खोडलं कुणी?
आतल्या खोलीतला पंखा तेवढा ऐकू आला.
आमकां कोणें विचारलें, एस्पेरान्सा म्हणाली,
आणि मग एकदम सगळेच बोलू लागले,
कोण पाच वर्षांपूर्वी कुणाच्या जीपमधून हिंडला तेही निघालं,
एक शिवीसुद्धा पडली, चांगली जुनी, खणखणीत.
आवाज ऐकून तावेर्नातून चौघे आले,
मासळी घेऊन निघालेल्या दोघी फाटकातच थबकल्या.

अकरा वाजता सभा पुन्हा सुरू.
आता गणपूर्ती लागत नाही, नियमच तसा,
तरी कायताननं मोजलं: त्रेचाळीस.
ठराव: डोंगराला हात लावू नये. हात वर करा.

मी मोजत गेले.
उजव्या हातात पेन होतं.
डावा कधी वर गेला, कळलं नाही.

एकोणचाळीस, मी सांगितलं.
तुला धरून की सोडून? सरपंचांनी विचारलं.
मतदारयादीत माझा नंबर चारशे बारा, मी म्हटलं.
कोण तरी हसलं.
आणि मानशीच्या दाराचा खर्च कुणी करायचा
यावरून पुन्हा भांडण जुंपलं.
या खेपेला तेही लिहून घेतलं,
शिवी सोडून.