दहा तेत्रीची लिफ्ट

ग्लदानीतल्या आमच्या नऊ मजली इमारतीत
लिफ्ट नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
चढायला दहा तेत्री, उतरणं फुकट.
उतरणं सगळीकडेच फुकट असतं,
असं तिसऱ्या मजल्यावरचा बाद्री म्हणतो,
आणि स्वतः जिन्यानं जातो. गुडघ्यांसाठी, म्हणे.

संध्याकाळी सुटं नाणं ज्याच्या खिशात
तो तळमजल्याचा राजा.
बाकीचे आम्ही पत्रपेट्यांपाशी रेंगाळतो,
गेल्या हिवाळ्यातलं गॅसचं बिल
पुन्हा एकदा मन लावून वाचतो,
आणि नाणं पडल्याचा खण् आवाज झाला की
"अहो, थांबा थांबा!" करत
आत्ताच पोचल्यासारखे धापा टाकत आत घुसतो.
धापा टाकायला विसरायचं नाही, तेवढी लाज राखायची.

आठव्या मजल्यावरचा नुग्झार
या विद्येतला महामहोपाध्याय.
एकोणीस वर्षांत लिफ्टनं त्याचं नाणं
एकदाच पाहिलं, तेही दोऱ्याला बांधलेलं.
दोरा तुटला.
नुग्झारनं तीन दिवस दाढी केली नाही.
त्याच्या बायकोनं, लमारानं, ही गोष्ट
मजल्यामजल्यावर थोडी थोडी वाढवत सांगितली;
माझ्यापर्यंत, चौथ्यावर, पोचली
तेव्हा नाणं चांदीचं झालं होतं.

आणि हाच नुग्झार
त्सिआलाच्या नातवाला फणफणून ताप चढला त्या रात्री
पोराला कोटात गुंडाळून टॅक्सीनं इस्पितळात गेला,
पंचवीस लारी मोजले,
परत द्यायला गेलेल्या त्सिआलाला
दारातूनच हाकलून दिलं.
तो परतला त्या पहाटे मी शाळेला निघाले होते.
लिफ्टपाशी भिंतीला टेकून उभा होता,
डोळे तांबारलेले.
"काय झालं, बिघडली का?"
"नाही गं," म्हणाला. "कुणी येतंय का बघतोय."

मी गणित शिकवते.
हे उदाहरण अजून फळ्यावर घेतलेलं नाही.

फेब्रुवारीत तो गेला.
पेटी लिफ्टमध्ये मावेना. उभी करून बघू,
असं कुणीतरी म्हणालं, आणि लमाराचा चेहरा बघून
न म्हटल्यासारखं केलं.
मग आठ मजले, खांद्यांवर, त्या अरुंद जिन्यानं.
पाचव्याच्या वळणावर पेटी अडली.
सगळीकडे फक्त श्वास, बुटांची खरखर,
आणि म्झियाच्या दाराबाहेरच्या लोणच्याच्या बरण्या,
त्यांना धक्का लागू नये म्हणून
मेलेल्यापेक्षा जास्त जपणारे आम्ही.

तेव्हा बाद्री, पेटीचा एक कोपरा खांद्यावर,
घाम नाकाच्या शेंड्यावर, हळूच म्हणाला,
"उतरणं फुकट होतं रे, नुग्झार.
तरी आम्हालाच राबवलंस."

कुणी हसलं नाही.
भिंतीच्या उडालेल्या रंगात सगळ्यांना
अचानक काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.
मग वरच्या पायरीवरून एक आवाज आला.
लमारा कोसळली, असं वाटलं.
तिनं काळ्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं होतं,
खांदे गदगदत होते,
आणि रुमाल निसटल्यावर कळलं, ती हसत होती.

मग काय विचारता.
पेटी हिंदकळायला लागली, टेकवावी लागली बरण्यांशेजारी.
पाद्रीबाबांनी दाढीत तोंड लपवलं,
दाढी थरथरत राहिली.
सर्वांत शेवटी थांबले मी.
खरं सांगायचं तर माझ्या नाण्यांवर
त्यानं केलेल्या फेऱ्यांचा हिशेब
माझ्याकडे होता, दोनशेच्या पुढचा,
मनात ठेवलेला, व्याजासकट.
तो त्याच पायऱ्यांवर कुठेतरी सांडला.
खाली पोचलो तेव्हा लमारा रडत होती,
तोच रुमाल, तेच गदगदणं.

काल संध्याकाळी नाणं टाकलं
आणि सवयीनं दारात पाय अडकवून
पत्रपेट्यांकडे बघत उभी राहिले.
किती वेळ, कुणास ठाऊक.
दार पायाला टोचत होतं.
बरोबर नव्हतंच कुणी. पाय काढणार,
तेवढ्यात पेट्यांच्या आडून काळ्या कपड्यांत लमारा,
हातात गॅसचं जुनं बिल,
धापा टाकत,
"अगं, थांब थांब!"