खरं

वडगावात आम्ही 'पण' म्हणत नाही.
'खरं' म्हणतो.
येतो, खरं उशीर होईल.
पोरगी हुशार हाय, खरं बोलत न्हाई.
पुण्यात कंपनीत होतो तेव्हा या एका शब्दापायी
दोन मीटिंगा वाया गेल्या.

आता परत आलोय.
विणकर सोसायटीच्या वरच्या खोलीत बसतो,
खाली माग चालतात,
कपातल्या चहावर दिवसभर बारीक गोल उठत राहतात.
काम एवढंच: सभासदांची यादी.
अकराशे सेहेचाळीस नावं, अकारविल्हे,
हुबळीच्या कुणा माणसानं बांधून दिलेली,
आणि तो माणूस फोन उचलत नाही.

यादीत यल्लव्वा लोकरी नाही.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या तिनं.
मराठी रजिस्टरात ती ए-खाली होती,
कन्नड कागदात य-खाली.
एका बाईला दोन जागा कशाला म्हणून
कुणीतरी दोन्ही खोडल्या.

नाव घालायला कितीसा वेळ?
खरं आधी बघावं लागतं,
यादी बदलू देते का.
बाहेरून कळत नाही.
उघडी यादी आणि मोहरबंद यादी दिसायला सख्ख्या बहिणी.
पहिलं नाव विचारा, सांगतात.
शेवटचं विचारा, सांगतात.
क पासून च पर्यंत कापून मागा, कापून देतात.
काही तर नुसत्या खिडक्या असतात,
आपला हात आत जात नाही
आणि आतला माणूस आपल्यादेखत खुर्च्या हलवत असतो.

विचारायची सोय नाही.
ज्यानं ही रीत घडवली
त्यानं हा प्रश्नच ठेवला नाही.
हात लावून बघायचं.
चटका बसला तर समजायचं, बंद आहे.

खऱ्या माणसाच्या नावानं चटका घ्यायला नको
म्हणून मी एक खोटं नाव केलं: अअअ.
घातलं.
तांबडी ओळ आली नाही.
उत्तरं मीच मराठीत लावून घेतलेली.
पडद्यावर आलं:
खरं.
मी खुर्चीच्या कडेला बसून
पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो.

मग यल्लव्वाला घातलं.
तिला जागा दाखवावी लागली नाही.
यल्लप्पा आणि यशवंत यांच्या मधे
ती आपली आपण जाऊन बसली,
दोघंही काही न बोलता सरकले.
तेवढ्यात करंट गेला, माग थांबले,
एकदम इतकं गप्प झालं
की अअअ काढायचं राहूनच गेलं.

रविवारी सभा. शिपाई बाळेशनं हजेरी उघडली.
पहिलंच नाव.
थांबला. चष्मा सदऱ्याला पुसला.
'अ... अ... अ?'
पोरं हसली. मी चपलांकडे बघत बसलो.
मागच्या रांगेत यल्लव्वा उठली.
'मीच म्हणा की. माझं नाव येस्तवर
हितं जेवणं उरकत्यात.'

सेक्रेटरी ढवळींनी मान वर केली.
'तुझं नाव यादीत न्हाई, यल्लव्वा.'
'हाय,' मी म्हणालो. 'य-खाली.'
त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली.
यल्लप्पा. बोट खाली.
तिथंच ते बराच वेळ राहिलं.
'ही यादी पक्की झाली होती नव्हं?
बदलता येतीया?'

सगळी मुंडकी माझ्याकडे.
अकराशे सेहेचाळीस, अधिक एक, अधिक एक.
'येते,' मी म्हणालो. 'खरं...'

'खरं काय?' ढवळी म्हणाले.

सुट्टीचा दिवस. खाली एकही माग चालू नव्हता.