कंसातलं

धरणगावच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
दोन मालगाड्यांच्या मधे जेवढी शांतता सापडते
तेवढंच भाषण.
खिडकीला गोधडी, पंखा बंद, वैशाख.
झिपरू आण्णा बनियनवर बसून वाचतात.
घामाचा थेंब कागदावर पडतो, तो ऐकू येत नाही.
पान उलटलेलं येतं.
मी लिहिते : पान नऊ, उलटल्याचा आवाज. पुन्हा.

माझं काम एवढंच.
हेडफोन लावून छापील ओळीवर बोट फिरवायचं
आणि बोट अडलं की वेळ टिपायची.
बारा मिनिटं चार सेकंद : "परंतु" गाळलं.
अठरा दहा : कुकरची शिट्टी, शेजारची.
एकवीस चाळीस : आण्णा "सज्जनहो" असं म्हणाले,
जसं तीस वर्षं एसटीत म्हणत आले,
साकरे फाटा, चला, साकरे.
ही चूक नव्हे. तरी लिहिली, मग खोडली.

नजमा तडवी दवाखान्यातली ड्युटी संपवून येते,
बाह्यांना स्पिरिटचा वास घेऊन.
तिने वाचलं, "सारा माफ करा!"
इतकं मऊ
की कुणाच्या उशाशी बसून
झालंगेलं सगळंच माफ करा म्हणतेय.
आण्णा दाराबाहेरून ओरडले,
अगं, सारा! शेताचा सारा! सरकार घ्यायचं तो!
ती म्हणाली, इथे तर नुसतं सारा लिहिलंय.
खरंच होतं. कागदाला काय फरक.
चौथ्या वेळी तिने शब्दावर मूठ आपटली,
टेबल हललं.
टेबल कापलं, शब्द ठेवला.
पहिलं वाचन त्या गडबडीत पुसलं गेलं.
परवा उगाच आठवलं.

भाषणात जागोजागी कंस आहेत.
(टाळ्या). (हशा). (प्रचंड टाळ्या).
नियम ठरवताना तासभर भांडलो.
भिरूड सर म्हणाले, ते वाचू नका, ते वक्त्याचं नाही.
नजमा म्हणाली, मग कुणाचं?
एवढ्या मोठ्या सभेचं
तेवढंच तर छापलंय.
शेवटी ठरलं : कंसाला एक श्वास.
तेव्हापासून मी आण्णांचे श्वास मोजते.
(हशा) आला की ते नाकातून थोडं हसतात.
राहू दिलंय.

पान सव्वीस.
(येथे वक्ते काही वेळ स्थानिक बोलीत बोलले.)
बास. एवढंच.
टिपणाऱ्याला ती बोली येत नव्हती
की पेन्सिल बोथट झाली होती, कोण जाणे.
पुढच्या ओळीत भाषण पुन्हा इस्त्रीचं, "तात्पर्य".

आण्णा थांबले.
मी आकड्यांकडे बघत होते.
एक श्वास. दुसरा. पाच सेकंद, सहा, सात.
मग कागदावरून नजर काढून ते बोलले,
"बहिनीसहोन, मांगे काब्र बठन्यात? पुढे या ना."
आणि खाकरून, "तात्पर्य".

विचारलं तर चष्मा पुसत राहिले.
माय सांगायची म्हणाले.
आणखी काय बोलले ते?
माहीत नाही. मायला एवढंच आठवायचं.
मग ती गेली का पुढे?
छे. कडेवर मोठा भाऊ होता, रडका.
ती तिथेच बसली, शेवटच्या बायांत, बाभळीखाली.

नियम नियम असतो.
छापलंय त्याहून एक शब्द जास्त नाही.
मी लिहिलं : बत्तीस मिनिटं एकवीस सेकंद, जादा वाक्य.
आणि कापलं, माझ्याच हाताने,
"या ना" मधला "ना" सगळ्यात शेवटी.

उरली ती शांतता.
तिच्यात खुर्ची कुरकुरते,
लांब कुठे रूळ वाजायला लागलेले.

दुसरी तपासणी नजमाकडे होती.
वही परत आली, समासात तिचं बारीक अक्षर :
पान २६, इथे सात सेकंद कोरे आहेत. चूक?

मी बराच वेळ पेन धरून बसले.
मालगाडी आली, गेली.
लिहिलं : नाही. मुळाबरहुकूम.