चुकीची शिट्टी

मुकादमाच्या खोलीबाहेर पाटी आहे:
डोळ्यांत तेल घालून पहारा द्या.
एउदोसिया म्हणते, तेलानं डोळे चुरचुरतात.
त्यापेक्षा बोट फिरव.

तिचं उजवं बोट. नखाखालचा खाडीचा चिखल
कधीच पुरता निघत नाही.
केळ्यांच्या प्रत्येक कंटेनरच्या सीलवरून ते जातं,
मग ती आकडे वाचते,
चर्चमधल्या शेवटच्या बाकाला ऐकू जावेत असे,
आणि आम्ही तिघं मागून तेच आकडे म्हणतो.
पहिल्या वर्षी लाज वाटायची.
चाळिशीतल्या माणसांनी भर उन्हात पाढे म्हणायचे!

राजधानीतून एक साहेब आले होते एकदा.
पडद्यावर छप्पन्न चित्रं दाखवली, टोप्या वाटल्या.
टोप्या चांगल्या निघाल्या.

ग्वायाकिलच्या धक्क्यावर अंधार पडला की
क्रेनचा आवाज असतो, आणि दुसरा असतो
फाटकापलीकडे, मोटारसायकल बंद न करता उभं राहणाऱ्यांचा.
ते ओरडत नाहीत. नाव घेऊन विचारतात,
मुलगी कितवीत गेली रे?
एवढंच.
दुसऱ्या दिवसापासून माणूस कानाडोळा शिकतो.
दाराला सील, तोंडाला कुलूप.

क्लेव्हर नवा होता, लॅशिंगच्या टोळीत, एकोणीस वर्षांचा,
पायात भावाचे बूट, दोन नंबर मोठे.
मार्चमधल्या एका रात्री त्यानं शिट्टी फुंकली.
म्हणाला, या मुठीचा रिव्हेट नवा आहे,
रंगाचा वास येतोय.

जहाज थांबलं. भरती निघून गेली.
एक हजार ऐंशी खोकी उतरवली, हातानं.
पोलिसांचा कुत्रा आत फिरला, शिंकला, बसला.
शेवटच्या खोक्याआड सापडली
एक वाळलेली पाल.
शंकेची पाल म्हणतात ती हीच, कुणीतरी म्हणालं,
आणि धक्काभर हशा.
रिव्हेट नवाच होता, हेही खरं.
डेपोत दुरुस्त झालेला, कागद कुठल्यातरी खणात राहिलेला.

पहाटे कँटीनमध्ये क्लेव्हर एकटा बसला,
बुटांकडे बघत.
त्याच्या बाजूनं जाणारा प्रत्येक जण
तोंडानं चुकचुकत होता. मीही.

एउदोसिया उठली.
आपला पत्र्याचा मग त्याच्यासमोर ठेवला,
साखर घातली, ढवळली,
आणि आकडे वाचते त्याच आवाजात विचारलं,
मूठ डावी की उजवी? नीट सांग.
वास आधी आला, की रिव्हेट आधी दिसला?

तो सांगायला लागला, अडखळत.
एक बाक सरकला, मग दुसरा.
क्रेनवाला ओनोफ्रे म्हणाला, डावी असेल तर
मागच्या वर्षी मीसुद्धा...
आणि थांबला.
मागच्या वर्षी काय, ते त्यानं जूनमध्ये सांगितलं.

ते लिहून द्यायचं ठरलं तेव्हा
खाली नाव कुणाचं, यावर सगळं अडलं.
पेन या हातातून त्या हातात,
चटका बसावा तसं.
एउदोसियानं कागदावर मग उपडा ठेवला,
कडेनं पेन फिरवून गोल काढला.
गोलाभोवती लिहा, म्हणाली,
जुने खलाशी असंच करायचे. कुणी पहिला नाही,
मग धरतील कुणाला?
चौदा नावं झाली. मध्ये कॉफीचा डाग.
माझं तिरकं आलंय,
क्लेव्हर आणि कँटीनवाली मार्गोथ यांच्या मधे.

मोटारसायकल अजून येते.
परवा त्यानं विचारलं, मुलगी कितवीत गेली?
पाय लटपटले, खोटं कशाला सांगू.
पण मोठ्यानं म्हणालो, सहावीत.

आणि मागून, फाटकाच्या आतून,
तीन-चार गळे
सवयीनं म्हणाले, सहावीत.