ळ मोठा होत नाही

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर, रात्री पावणेदहाला,
मी फंक्शनला एकेक अक्षर भरवतेय.
स्मॉल ए दिला, कॅपिटल ए आला. हिरवी टिक.
झेडचंही तेच. सात हा आकडा
सातच राहिला, शहाण्यासारखा.
तुर्की बिनटिंबाचा आय तेवढा अडून बसला,
त्याचं तिकीट उद्या पराशरच्या गळ्यात.

मग, यादीत नसताना, ळ टाकला.
मोठा हो, म्हटलं.
ळ परत आला तसाच्या तसा,
साहेबालाही अरे म्हणणाऱ्या
दिवाळे गावातल्या मावशीसारखा.

हसू आलं. म्हणून स्वतःचं आडनाव घेतलं: कऱ्हाडकर.
एकदा माझ्या कीबोर्डवरून,
एकदा ऐरोलीच्या वीजबिलातून उचलून.
पडद्यावर दोन्ही जुळी, काना न् काना सारखा.
जुळतात?
नाही.

आत उतरून पाहिलं.
माझा ऱ अखंड, एका दमात लिहिलेला.
बिलातला ऱ म्हणजे साधा र
आणि मागून चिकटवलेला एक नुक्ता,
जो दिसतच नाही कुणाला.

गेल्या मार्चात बाबा खिडकीशी तीन तास उभे होते.
नाव जुळत नाही, काका.
अक्षराखाली बोट धरून ते दाखवत राहिले,
हे बघा, हे बघा की.
घरी आल्यावर चष्मा पुसला,
परत घातला, परत पुसला.

तिकीट लिहिते.
तीव्रतेच्या रकान्यात आपोआप येतं: किरकोळ.
ते खोडते.
पुढे काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.