सूर बंदरातली तीन कोटेशनं

गुरुवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं
आणि रॉटरडॅमहून एका गिऱ्हाइकाचा फोन:
तुमच्या गलबतांच्या जागी जुगाराची चक्रं फिरतायत.

उघडून पाहिलं.
दीड हात लांबीचा सागवानी बगला,
शिडाडोलकाठीसकट पंच्याऐंशी रियाल.
त्याच्यावर बोट ठेवलं की एक बाई डोळा मारायची
आणि खालून रशियन अक्षरं पळायची.

अरबाब खमीस म्हणाले, कुलूप लाव.
आता त्यांना काय सांगू.
कुलूप होतंच, पत्त्याच्या पट्टीत डावीकडे,
वर्षाला अकरा रियाल भरतो मी त्याचे.
वाटेत पत्र कुणी फोडलं नाही, एवढीच त्याची हमी.
आत बसून पत्र कोण लिहितोय
याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

सुट्टीच्या दोन दिवसांत तीन कोटेशनं आली.
दुबईवाले म्हणाले, रोज रात्री झाडू मारू,
घाण दिसली की उचलू.
मस्कतचा माणूस दारातच पहारा बसवणार होता,
येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचणारा,
महिन्याला वीस रियाल,
आणि कधीमधी खरं गिऱ्हाईकही परत जाईल
असं खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.
तिसरा पुण्याचा, अद्वय नावाचा पोरगा.
म्हणाला, चोगले काका, काहीही होऊ दे,
तासाभरात कालचा दिवस जसाच्या तसा परत आणून देतो.

कालचा दिवस.
मी विचारलं, किती मागचा मिळतो?
तीस दिवस, म्हणाला. त्याहून मागचे हवे तर जादा पैसे.
बावीस वर्षं झाली मला इथे.
मी पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी कागद घेऊन धक्क्यावर गेलो.
मोइदू सुतार फळ्यांच्या फटींत
तेलात भिजवलेला कापूस ठोकत होता,
पस्तीस वर्षं तेच करतोय, बेपूर सोडल्यापासून.
तिन्ही कागद त्याच्यापुढे धरले.
त्याने हात पुसले नाहीत, कागदांना लावलेही नाहीत.
एवढंच विचारलं,
पानी किधर से आया?

रात्री अद्वयने नोंदी उपसल्या.
थोडा वेळ फोनवर गप्पच होता.
मग म्हणाला, काका, भिंत कुणी फोडलेलीच नाही.
पुढच्या दाराने आलाय,
तुमचं नाव सांगून, तुमचाच पासवर्ड घालून.

harnai123.
तोच वायफायला, तोच माझ्या मेलला,
तोच पिकअपच्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलेला,
एसीच्या रिमोटवर चिकटपट्टीखाली लिहिलेला.
परमुलखात तेवढं एक नाव दिवसातून दहादा
बोटांनी उच्चारायला मिळायचं, म्हणून ठेवलेलं.
हे अरबाबना सांगितलं नाही.
पाणी फटीतून आलं, एवढंच सांगितलं.

कालचा दिवस विकत घेतला.
पहारेकरी तीन महिन्यांपुरता, बघू म्हणून.
झाडूवाल्याला नको कळवलं तर त्याने दर निम्मा केला,
तेव्हाच कळलं पहिला दर काय होता ते.
आणि नवा पासवर्ड केला, वीस अक्षरांचा,
आकडे, टिंबं, एक उद्गारचिन्ह,
कुठल्याच गावाशी संबंध नसलेला.

सोमवारी सकाळी तो आठवेना.
पाचदा चुकलो,
आणि वीस रियालवाल्याने मला बाहेर काढलं.
बगले आत, ओळीने, स्वच्छ. मी बाहेर.
मग त्याने एक प्रश्न टाकला:
तुमच्या पहिल्या शाळेचं नाव?

जीवन शिक्षण मंदिर, पाजपंढरी.
हे मला झोपेतही सांगता येईल.
पण इंग्रजीत, तेव्हा, घाईत,
‘शिक्षण’मधला क्ष मी कसा लिहिला असेन,
के-एस-एच की नुसता एक्स?
दोनच संधी उरल्यात, असं पडद्यावर येतंय.
बाहेर मोइदूची ठोकाठोक सुरू झालीय.